ड्रम अँड बेस : निर्माते आणि डीजे वर कसे आले, आणि तो आवाज घरी कसा उभा करायचा

खर्ज

ड्रम अँड बेस म्हणजे कापलेल्या ड्रमचं आणि खोल बेसचं वेगवान क्लब-संगीत. त्याचा विषय निघाला की गप्पा वेगावर येऊन थांबतात. वेग महत्त्वाचा आहेच, पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. या संगीतात बनवणारा आणि वाजवणारा बहुतेक वेळा एकच माणूस होता, किंवा फार तर एका फोनच्या अंतरावर होता. १९९१ ते १९९७ या काळात लंडन आणि ब्रिस्टॉलमध्ये जे घडलं, ते याच जवळिकीमुळे घडलं.

सुरुवात ड्रमपासून करू. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकन बँडची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं वाद्यगीत होतं. त्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार बार, म्हणजे चार आवर्तनं, एकटा ड्रम वाजवतो. जेमतेम सात सेकंदांचा तुकडा. १९८६ मध्ये डीजे लोकांसाठी काढलेल्या ब्रेक्सच्या (अशा नुसत्या ड्रमच्या तुकड्यांच्या) संग्रहात तो आला, तिथून हिपहॉपवाल्यांच्या हाती लागला आणि मग इंग्लंडमध्ये हजारो रेकॉर्ड्सचा पाया झाला. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. तो २००६ मध्ये गेला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली, तेव्हा सुमारे २४,००० पौंड जमले. या संगीतावर प्रेम करणाऱ्याने हा हिशेब विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

यंत्रं कुठली होती? अकाई एस९५० हा १२ बिटचा सँपलर (आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारं यंत्र), मेमरी ७५० केबी, वाढवली तर सव्वादोन एमबी. शेजारी अटारी एसटी संगणक. त्याला मिडीचे, म्हणजे वाद्यांना सूचना पाठवायचे, सॉकेट जन्मतःच होते, म्हणून क्यूबेस हे संगीतरचनेचं सॉफ्टवेअर थेट चालायचं. अटारीतून आवाज निघत नव्हता, तो फक्त 'आता हा तुकडा वाजव' असं सँपलरला सांगायचा. मेमरी इतकी तुटपुंजी की ३३च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवून सँपल करायची आणि आत गेल्यावर सूर खाली आणायचा. जागा वाचायची, आवाजात थोडा खरखरीतपणा यायचा. तो खरखरीतपणाच पुढे लोकांना हवासा वाटू लागला.

आमेनचा मूळ वेग साधारण १३७ बीपीएम (मिनिटाला ठोके). तो नुसता पळवून १७४वर, म्हणजे या संगीताच्या नेहमीच्या वेगावर, नेला तर सूर चार सेमिटोनपेक्षा थोडा जास्तच चढतो. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, चिमणीसारखी चिवचिवते. तसं व्हायला नको म्हणून तुकडे पाडायचे, प्रत्येक ठोका वेगळा करायचा आणि नव्याने ओवायचा. संगीताचं सगळं व्याकरण या कापाकापीतून आलं.

---

मुग्धा_प

मला पायरीपायरीने हवं आहे. सोळा घरांच्या पट्टीत कुठला ठोका कुठे? आणि आमेन नसलेल्या गाण्यांतही तोच चालण्याचा भास का होतो?

---

सोळावी_मात्रा

मुग्धाताई, एक बार म्हणजे सोळा घरं धरा.

साधा टू-स्टेप : किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) १ आणि ११वर, स्नेअर ५ आणि १३वर. बस्स. हाय-हॅट (छोट्या झांजांची जोडी) विषम घरांवर.

आमेनचा पहिला बार : किक १, ३, ११, १२. स्नेअर ५, ८, १०, १३, १६. त्यातल्या ८, १० आणि १६ या हलक्या स्नेअर. ५ आणि १३ खणखणीत.

दोन्ही एकावर एक ठेवून पाहा. १, ५, ११, १३ ही चार घरं दोन्हींत आहेत. टू-स्टेप हा आमेनचा सांगाडा आहे, म्हणून आमेन नसतानाही चाल ओळखीची वाटते. आमेनच्या तिसऱ्या बारात शेवटची मोठी स्नेअर दोन घरं उशिरा, म्हणजे १५वर पडते, आणि चौथ्यात झांज येते. तोल गेला असं वाटतं न वाटतं तोच पुढच्या बारची १ येते आणि सगळं जागेवर बसतं. नवशिके पहिलाच बार फिरवत राहतात आणि मग 'कंटाळवाणं का वाटतं' असं विचारतात. चारही बार कापा.

कापण्याबद्दल :

१७४ला एक घर ८६ मिलिसेकंदांचं. ठोक्याच्या आधी दहा मिलिसेकंद शांतता राहिली तरी ठोका रेंगाळल्यासारखा ऐकू येतो. लाट जिथे उसळते तिथे झूम करून अगदी तिच्या पायथ्याशी कापा. शेवटाला एक-दोन मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टिकटिक येईल.

क्वांटाइज (ठोके घरांच्या ग्रिडवर ओढून बसवणं) शंभर टक्के करू नका. कोलमन ग्रिडवर वाजवत नव्हता. १, ५ आणि १३ पक्के बसवा, हलक्या स्नेअर निम्म्याच ओढा. त्या पूर्ण सरळ झाल्या की ब्रेकचा जीव जातो.

ब्रेकखाली वेगळी किक आणि स्नेअर लावायची असेल तर ब्रेकला १२० ते १५० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. खालची जागा तुमच्या किकची. लावलेल्या स्नेअरचा गाभा २०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. दोन स्नेअर एकत्र लावल्यावर आवाज मोठा व्हायच्या ऐवजी पातळ झाला, तर एकीचा फेज (लाटेचा वर-खाली क्रम) उलटा करून बघा किंवा तिला एखादा मिलिसेकंद सरकवा.

आणि किकची शेपटी. ११ची किक आणि १३ची स्नेअर यांत फक्त १७२ मिलिसेकंद आहेत. हाउस संगीतासाठी बनवलेली लांब किक इथे टाकली की ती स्नेअरच्या अंगावर सांडते. १२० ते १५० मिलिसेकंदांत संपवा.

---

लंडनचा_पाऊस

खर्ज यांनी जवळिकीचा मुद्दा मांडलाय, त्यात डबप्लेटची, म्हणजे एकेकच कोरून काढलेल्या चकतीची, भर घालतो. तिच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

लंडनच्या हेवन क्लबमधली 'रेज' ही गुरुवारची रात्र १९८८ ते १९९३ चालली. तिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे डीजे टेक्नोच्या तबकड्या आणि ब्रेकबीट एकत्र वाजवायचे. केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजे गोल्डी या कलाकाराला तिथे घेऊन गेल्या, आणि १९९४ मध्ये तिघांनी मिळून मेटलहेड्झ हे लेबल काढलं. गोल्डी तेव्हा डीजे नव्हता, यंत्रं चालवणारा अभियंताही नव्हता. डोक्यात आवाज स्पष्ट होता आणि तो बाहेर काढायला योग्य माणसं शोधायची दृष्टी होती. १९९२च्या 'टर्मिनेटर'मध्ये ड्रमचा वेग तोच राहतो आणि सूर मात्र वर-खाली होतो. हार्मोनायझर नावाच्या उपकरणाने ते केलं होतं. त्या काळात ऐकणाऱ्यांना हे कसं शक्य आहे तेच कळेना.

आता डबप्लेट. निर्मात्याने रात्री गाणं संपवलं की डॅट ही डिजिटल टेप घेऊन उत्तर लंडनच्या म्युझिक हाउसला जायचं. तिथे ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या लाखेसारख्या थरात गाणं कोरलं जायचं, बहुतेक दहा इंची. ही पद्धत जमैकन साउंड सिस्टिमवाल्यांची, आणि ही जागाही त्यांच्याच परंपरेतली. शुक्रवारी कोरलेली चकती त्याच रात्री क्लबात वाजायची. बेस कमी पडला, ड्रॉपला (ड्रम आणि बेस एकदम पडतात त्या क्षणाला) लोक हलले नाहीत, तर सोमवारी मिक्स बदलायचा. इतक्या लवकर उत्तर मिळत असेल तर काही वर्षांत एक संगीतप्रकार तिथून इथपर्यंत येतो, यात नवल नाही.

तांत्रिक बाजू : लाखेचा थर मऊ, त्यामुळे काही डझन वेळा वाजवली की वरचे सूर झिजू लागतात. बेस स्टिरिओत पसरलेला असेल आणि दोन बाजूंचा फेज जुळत नसेल, तर खाचेची खोली कमीजास्त होते आणि सुई उडते. म्हणून कोरणारा माणूस खालचे सूर मोनो (दोन्ही बाजूंना एकच) करायचा. आजही १०० ते १२० हर्ट्झच्या खाली मोनो ठेवायची शिस्त पाळतात. क्लबातले सब (खोल बेसचे स्पीकर) बहुतेक ठिकाणी मोनोच जोडलेले असतात, म्हणून ती आजही लागू आहे.

डबप्लेट फक्त चारदोन डीजेंकडे असायची. अधिकृत रेकॉर्ड यायला कित्येक महिने लागत. तोवर कूल एफएमसारख्या विनापरवाना रेडिओवर गाणं गाजायचं आणि लोक सोहोतल्या ब्लॅक मार्केट रेकॉर्ड्समध्ये जाऊन 'ते कधी येणार' विचारत राहायचे.

पुढचं थोडक्यात. १९९७ला ब्रिस्टॉलच्या रोनी साइझ आणि रेप्रझेंटला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं मर्क्युरी पारितोषिक. २००५ला पर्थहून आलेल्या पेंड्युलम या बँडने रॉकचा श्रोता आणला. फेब्रुवारी २०१२ मध्ये डीजे फ्रेशचं गाणं ब्रिटिश विक्रीच्या यादीत पहिलं आलं, ड्रम अँड बेसचं ते पहिलंच. २०१८ला अँडी सी या डीजेने वेम्बली अरीना भरवलं. २०२४ला चेस अँड स्टेटस या जोडीला ब्रिट पुरस्कारांत वर्षातले सर्वोत्तम निर्माते म्हणून निवडलं. यातलं रोनी साइझचं यश मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्यांनी खऱ्या ड्रमर आणि डबल बेससह हे रंगमंचावर उभं करून दाखवलं.

केमिस्ट्री एप्रिल १९९९ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेली. स्टॉर्म वाजवत राहिली. आज निया आर्काइव्हज किंवा शेरेल या डीजेंची नावं घेताना या दोघींपासून सुरुवात करायला हवी. निया आर्काइव्हजने मोबो या कृष्णवर्णीय संगीताच्या ब्रिटिश पुरस्कारांना जाहीर पत्र लिहून इलेक्ट्रॉनिक संगीताचा विभाग परत आणायला लावला आणि २०२२ला तो पुरस्कार तिलाच मिळाला.

---

कणसूर

ड्रमवर सगळे लिहितात, बेसवर लिहितो.

'रीस' नावाने ओळखला जाणारा बेस डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसनच्या १९८८च्या एका रेकॉर्डमधून आला. 'रीस' हे त्यानेच घेतलेलं नाव. कृती सोपी : दोन सॉ (करवतीच्या दातांसारख्या) लाटा, एक दहा सेंट (सेमिटोनचे शंभर सेंट) वर, दुसरी दहा सेंट खाली. त्यावर लो-पास (वरचे सूर कापणारा) फिल्टर, २०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान सावकाश फिरवत ठेवायचा.

घोळ कुठे होतो ते गणितात दिसतं. सूर ४३.६५ हर्ट्झचा एफ घेतला आणि दोन लाटांत वीस सेंटचा फरक असेल, तर दोघींत अर्ध्या हर्ट्झचं अंतर पडतं. म्हणजे दर दोन सेकंदांनी त्या एकमेकींना खातात आणि तेवढ्यापुरता मूळ सूर गायब होतो. १७४ला दोन सेकंद म्हणजे जवळजवळ दीड बार. त्यामुळे एका ड्रॉपला बेस छातीवर येतो, दुसऱ्याला पोकळ वाटतो, आणि माणूस कॉम्प्रेसर बदलत बसतो.

उपाय : रीसला १०० ते १२० हर्ट्झला हाय-पास करा. खाली स्वतंत्र साइन लाट (हाच सब), मोनो, तोच सूर. साइनला ३ ते ५ मिलिसेकंद अटॅक (चढायला वेळ) आणि १० ते २० रिलीज (उतरायला वेळ), नाहीतर दर सुराला टक् येईल. दोन्ही ऑसिलेटरचा फेज प्रत्येक सुराला पहिल्यापासून सुरू करायचा पर्याय असेल तर तो लावून पाहा, निदान प्रत्येक वेळी एकसारखं वाजेल.

मग रीसवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं), नॉच फिल्टर (एक अरुंद पट्टा कापणारा), पुन्हा डिस्टॉर्शन, आणि ते ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून परत कापा. एड रश आणि ऑप्टिकल यांनी १९९८च्या सुमारास हा कोरडा, यांत्रिक आवाज घडवला. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेनच्या नॉयझिया या त्रिकुटाने रेकॉर्ड करून पुन्हा रेकॉर्ड करायची ही साखळी पार टोकाला नेली. सिंथमध्ये नॉब फिरवत बसू नका, लवकर ऑडिओ करा. एकदा ऑडिओ झाला की निर्णय घ्यावे लागतात.

फोनवर बेस ऐकू येत नाही ही तक्रार हमखास येते. फोनचा स्पीकर ४४ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. साइनवर हलकं सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) दिलं की १३१, १७५, २१८ हर्ट्झचे उपसूर तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा सूर ओळखतो. ते दोन-तीन डेसिबलपुरतं द्या. जास्त दिलंत तर मोठ्या सिस्टिमवर तोच बेस घोगरा होतो.

---

मुग्धा_प

खोलीत ए आणि ए शार्प फार घुमतात आणि एफ दुबळा वाटतो. स्पीकर पाच इंची आहेत. दोष स्पीकरचा का?

---

कणसूर

खोली दहा बाय दहाची असणार. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ मीटर भागिले त्याची दुप्पट, उत्तर ५६ हर्ट्झ. खोली त्या सुरावर घुमते. ए म्हणजे ५५, ए शार्प ५८. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांचं घुमणं एकाच जागी साचतं, आणि छतही दहा फुटांच्या जवळ असेल तर तिन्ही. आपल्याकडच्या चौकोनी बेडरूममध्ये हे हमखास आढळतं.

पाच इंची स्पीकर ५० हर्ट्झच्या खाली झपाट्याने ढासळतात, त्यामुळे एफ कमी ऐकू येतो. माणूस तो वाढवतो आणि क्लबात ते गाणं फक्त गुरगुरतं. म्हणून खोलीवर विश्वास ठेवू नका. सबचा निर्णय चांगल्या हेडफोनवर आणि स्पेक्ट्रम पाहून घ्या, आवडीचं एखादं गाणं त्याच पातळीवर शेजारी लावून. कोपऱ्यात दगडी लोकरीचे जाड पट्टे लावल्याने फरक पडतो. भिंतीवर चिकटवलेल्या पातळ फोमने ५६ हर्ट्झला काहीही होत नाही. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्क्यांवरून सुरुवात करा आणि पुढेमागे सरकून पाहा.

---

तोडा

तबला वापरणाऱ्यांसाठी. लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट क्लबात रविवारी मेटलहेड्झची रात्र असायची आणि सोमवारी तबलावादक तल्विन सिंगची 'अनोखा'. एकाच सिस्टिमवर, लागोपाठच्या रात्री. तल्विन सिंगला १९९९चं मर्क्युरी मिळालं, तर न्यूयॉर्ककडे वाढलेल्या कर्ष काळेने २००१च्या पहिल्या अल्बमपासून तबला आणि हा वेग यांची सांगड घातली.

करायला जाल तेव्हा अडचण डग्ग्याची. 'घे'ची मींड ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात फिरते, बरोबर किक आणि रीसच्या मध्ये. लूप आणून तसाच टाकला की सगळं गढूळ होतं. डग्गा १५० हर्ट्झवर हाय-पास करा, किंवा उलट करा : डग्ग्याला बेसचं काम द्या आणि त्या चार बारांत सब बंद ठेवा. दुसरा मार्ग फार सुंदर लागतो आणि कमी लोक वापरतात.

दायां सुरात हवा. गाणं काळी तीनमध्ये असेल तर काळी एकचा तबला घ्या, तो पंचमात बसतो. स्नेअर २०० हर्ट्झजवळ आणि काळी एकचा दायां २७७ला, म्हणजे दोघं जवळ येतात. त्यामुळे ५ आणि १३ या घरांवर 'ना' वाजवू नका. तबला हलक्या स्नेअरच्या जागी बसवा, ८, १०, १६वर. ठेका लिहिताना लय ८७ची धरा आणि आत दुगुन-चौगुन भरा. १७४ला मात्रा मोजत बसलात तर बोल कोंबले जातात आणि तिरकिट ऐकूच येत नाही.

---

लंडनचा_पाऊस

डीजे होऊ पाहणाऱ्यांसाठी, कारण धाग्याच्या नावात तेही आहेत.

३२ बार म्हणजे १७४ला ४४ सेकंद. बहुतेक गाण्यांत ड्रॉप १६च्या पटीत येतो, ३२ किंवा ६४ बारांवर. डबल ड्रॉप म्हणजे दोन गाण्यांचे ड्रॉप एकाच क्षणी पाडणं. अँडी सीचं नाव यासाठी घेतलं जातं. दुसऱ्या गाण्याचा ड्रॉप ६४व्या बारानंतर असेल, तर चालू गाण्याच्या ड्रॉपला बरोबर ६४ बार उरलेले असताना, बारच्या १वर, दुसरं सोडायचं. हे आधी मोजून हॉट क्यू (बटणाने थेट उडी मारायची खूण) लावून ठेवा.

वेग डोळ्यांनी जुळवून सोडू नका. १७४.० आणि १७४.२ यांतला फरक ६४ बारांत १०० मिलिसेकंदांचा होतो, एका घरापेक्षा जास्त. दोन स्नेअर फटाक्यांसारख्या फुटतात. दर १६ बारांनी हेडफोनमध्ये स्नेअर तपासा. १७४ आणि १७० जुळवायला साधारण २.३ टक्के लागतात, तेवढं कुठल्याही डेकवर सहज बसतं.

दोन सब एकत्र कधीच नाहीत. येणाऱ्या गाण्याचा बेस ईक्यूने (सूरपट्टे कमीजास्त करायच्या नॉबने) पूर्ण बंद, ड्रॉपच्या १वर एकाचा खाली आणि दुसऱ्याचा वर, एकाच हालचालीत. डबल ड्रॉपमध्येही सब एकाचाच. दुसऱ्याचे ड्रम आणि वरचा बेस पुरे.

एमसी (गाण्यावर माइकवरून बोलणारा) असेल तर त्याच्यासाठी जागा सोडा. गाणारे आवाज असलेली दोन गाणी आणि वर एमसी, तिघांचं काहीच कळत नाही.

---

सोळावी_मात्रा

मुंबईत क्रिस कोरिया आणि सोहेल अरोरा यांच्या 'बे बीट कलेक्टिव्ह'ने हे संगीत क्लबात नेटाने वाजवलं, ते इथे नोंदवून ठेवतो. इथे वाजवणाऱ्याने ध्वनितपासणीला क्लब रिकामा असतानाच ४० ते ६० हर्ट्झचा एक सावकाश स्वीप (सूर खालून वर नेणारा आवाज) वाजवून ऐकावं. काही ठिकाणी स्पीकर बॉलिवूड आणि हाउससाठी लावलेले असतात, ५० हर्ट्झच्या खाली क्रॉसओव्हरच (स्पीकरांना सूर वाटून देणारं यंत्र) कापतो. तसं असेल तर एफ-जीमधली गाणी पोकळ वाजतात. बॅगेत ए-बीमधली दहाबारा गाणी वेगळी काढून ठेवा.

---

मुग्धा_प

शेवटचा प्रश्न. रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर निम्मी गाणी ८७ दाखवतं. सिंक (आपोआप वेग जुळवणं) दाबलं की ग्रिड (ठोक्यांची आखणी) चुकतो.

---

लंडनचा_पाऊस

किक-स्नेअर टू-स्टेपमध्ये ८७ आणि १७४ दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे सॉफ्टवेअर फसतं. विश्लेषणाच्या सेटिंगमध्ये बीपीएमचा पट्टा ९८ ते १९५ निवडा आणि ती गाणी पुन्हा तपासायला लावा. तरी राहिली तर ग्रिडच्या पानावर दुप्पट करायचं बटण आहे. मग पहिली १ पाहा. सुरुवातीला ड्रम नसलेल्या गाण्यांत ग्रिड बऱ्याचदा एक ठोका सरकलेला असतो, स्नेअरला १ समजतो. ड्रॉपच्या किकवर जाऊन तिथे बारची सुरुवात पक्की करा आणि गाण्याच्या शेवटच्या मिनिटात ग्रिड अजून स्नेअरवर बसतोय का ते बघा. १९९५च्या आधीच्या तबकड्यांवरून डिजिटल केलेल्या गाण्यांत वेग किंचित हलतो, तिथे एकच ग्रिड पुरत नाही. दर ३२ बारांनी नवा बिंदू लावा आणि सिंक न वापरता हातानेच जुळवा.